डावा दिवा

माझ्या गाडीचा डावा दिवा भर दुपारी आपोआप उघडायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की मास्तरानं तिखटमीठ लावलं. मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील मुरुडजवळ दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. भूतबाधा, करणी, नजर असल्या गोष्टी मी वर्गातही हाणून पाडल्या आणि घरातही. त्यात मी काही कमी केलेलं नाही. पण दिवा उघडायचा.

गाडी म्हणजे दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची जुनी जपानी स्पोर्ट्स कूपे. तिचे पुढचे दिवे बोनेटात झोपलेले असतात. बटन दाबलं की आतली मोटर फिरते, दोन्हीकडची झाकणं वर उठतात आणि बेडकानं डोळे काढावेत तसे दिवे बाहेर येतात. परत दाबलं की मिटतात. आता असल्या गाड्या कुणी बनवत नाही.

ही गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती सहावीत असताना. लातूरच्या एका अडत व्यापाऱ्याची होती. त्यांचं शेत मुरुडच्या बाजूला, त्यामुळं महिन्यातून एकदोनदा ती आमच्या रस्त्यानं जायची. लाल, जमिनीला पोट टेकवून पळणारी. दिवस मावळायला आला की डोळे उघडायची, आणि आम्ही शाळेच्या भिंतीवर उभं राहून ओरडायचो. मी वडलांना म्हणालो होतो, मला तसली गाडी घ्यायचीय. ते बैलाच्या पाठीवरची गोचीड काढत होते. मान वर न करता म्हणाले, "ती बसायची न्हाई रं, बघायची गाडी हाय."

ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. पुढं नोकरी लागली, घर झालं, बहिणींची लग्नं झाली. दोनेक वर्षांमागं कानावर आलं की लातूरचे ते व्यापारी वारले आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. मी त्याच रविवारी लातूर गाठलं.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत घर. त्यांची बायको एकटीच होती. सत्तरीपुढची, इरकली लुगडं, कपाळाला भस्म. मुलगा परदेशात. गल्लीतले सगळे त्यांना अव्वा म्हणत, मीही म्हणायला लागलो.

"गाडी बघाय आलाव का घ्याय?" त्यांनी विचारलं.

"घ्यायला, अव्वा."

"मग बसा. घ्यायची आसंल तर आधी ऐकावं लागंल."

आणि त्यांनी सांगितलं. मालक रोज दुपारी बाराला लिंगपूजा करायचे. घरी असोत, दुकानात असोत की वाटेत. लिंगायत माणसाच्या गळ्यात जन्मल्यापासून त्याचं स्वतःचं लिंग असतं, चांदीच्या डबीत. पूजेला ते डबीतून काढून डाव्या तळहातावर घेतात आणि त्याच्याकडं बघत बसतात. त्या दिवशी मालक अहमदपूरहून येत होते. चाकूरच्या अलीकडं रस्त्याकडेला एक मोठा लिंब आहे आणि त्याच्यापुढं चहाचं टपरं. मालकांची ती ठरलेली जागा. लिंबाखाली गाडी लावली, उन्हाळा म्हणून इंजिन आणि थंड हवा चालू ठेवली आणि पूजेला बसले. चहावाल्याला सवयीचं होतं. पूजेत मोडता घालायचा नाही म्हणून तो गेला नाही. एक वाजला, तीन वाजले. गाडी आपली चालूच.

"दिस कलला तवा पेट्रोल सरलं आन गाडी बंद पडली," अव्वा म्हणाल्या. "गाडी बंद पडली तवा लोकांना कळलं, की मानूस कवाच बंद पडलाय."

लोकांनी ओढून बाहेर काढलं, दुसऱ्या गाडीत घातलं, धावपळ झाली. घरी आल्यावर पाहिलं तर गळ्यातली चांदीची डबी उघडी आणि रिकामी. लिंग कुठं पडलं कुणालाच माहीत नाही. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून पुरतात, आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या हातावर ठेवतात. विधी सांगायला आलेल्या स्वाम्यांनी ऐनवेळी दुसरं लिंग आणून ठेवलं.

"पर ते परक्याचं," अव्वा म्हणाल्या. "त्येंचं न्हवं. मी गेले की मला त्यांच्याच शेजारी बसवतील. त्यांनी मला इचारलं, तुज्या हातात काय हाय, तर मी दाखवीन. मी इचारलं तर ते काय दाखवतील?"

मी नुसती मान हलवली.

"गाडी न्या तुमी. पर आधी तिच्यात शोधा. तुमी शिकलेले हाव. तुमच्या नजरंतून सुटायचं न्हाई."

"कसं असतं अव्वा ते?"

"काळं. सुपारीहून मोठं."

इथं माझी चूक झाली. मी अजून एकदा विचारायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात देवळातली पिंड होती, शाळुंका, पन्हळ, सगळं असलेली, फक्त लहान. हॉस्टेलला माझा एक उदगीरचा मित्र होता, त्याच्या गळ्यात डबी असायची. पण पूजेच्या वेळी तो पाठ फिरवून बसायचा. डबीच्या आत काय असतं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि आपल्याला माहीत नाही हे एका म्हातारीपुढं कबूल करायला जीभ वळली नाही.

गाडी ट्रकवर टाकून नांदेडला आणली. घरामागं पत्र्याचं शेड आहे, त्यात उभी केली. लागोपाठ दोन रविवार मी आतलं सगळं काढलं. सीटा, गालिचा, दारांचे पुठ्ठे. अंगणात चादर अंथरून एकेक वस्तू मांडली. चार नाणी निघाली, एक कंगवा, वाळलेली बेलाची पानं, पावत्यांचे बोळे. डाव्या सीटच्या रुळाखाली धुळीनं आणि ग्रीसनं माखलेलं एक काळं बूच निघालं. तळ सपाट, वर घुमटासारखं गोल. जुन्या गाड्यांत असली रबरं कडक होऊन दगडासारखी होतात. ते मी नटबोल्टच्या बिस्किटाच्या डब्यात टाकलं.

मग फोन केला. "अव्वा, गाडीत नाही."

"नक्की का सर?"

"स्क्रू न् स्क्रू काढून पाहिलाय. मी सांगतो ना, नाही."

मग म्हणाल्या, "मग तिथंच आसंल. लिंबाखाली."

त्यानंतर मी गाडीच्या मागं लागलो. आता हा शौक म्हणजे काय ते ज्याला नाही त्याला सांगून उपयोग नाही. ब्रेकचे रबर मिळत नाहीत, तर दुसऱ्या कुठल्या गाडीचे बसतात हे शोधायचं. गॅस्केट मिळत नाही, तर जाड कागदावर तेलाचा ठसा घेऊन कात्रीनं कापायचं. कार्बुरेटर उघडून ताटात मांडायचा, तारेनं भोकं साफ करायची, परत जोडायचा आणि एक स्प्रिंग ताटात उरली की पहिल्यापासून उघडायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून आत कोण कुरकुरतंय ते ऐकायचं. आठ महिन्यांनी एका सकाळी लोह्याच्या रस्त्याला तिसऱ्या गिअरवर तिला मोकळी सोडली तेव्हा तिनं जो आवाज काढला, तो ऐकून मी एकटाच मोठ्यानं म्हणालो, "दादा, बसलो बघा." वडील जाऊन तोवर सहा वर्षं झाली होती.

एकच खोड राहिली होती. डाव्या दिव्याचं झाकण खडखडायचं. झाकण मिटतं तिथं खाली एक लोखंडी वाटी असते आणि तिच्यात रबराचं बूच, म्हणजे पत्र्याला पत्रा लागत नाही. उजवीकडचं होतं, डावीकडची वाटी रिकामी. मला डब्यातलं काळं बूच आठवलं. घालून पाहिलं. जरा उंच होतं, पण सायकलच्या ट्यूबची कड कापून भोवती लावली आणि अंगठ्यानं दाबलं तर असं बसलं की जसं काही तिच्यासाठीच केलेलं. खडखड त्या दिवसापासून बंद.

पाचसहा दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, तुमच्या गाडीनं आज मला डोळा मारला."

बायको किनवटची, जंगलाच्या कडेला वाढलेली. सहसा कशाला भीत नाही. दुपारी ती कपडे वाळत घालत होती. शेडात गाडी उभी, किल्ली घरात खुंटीला. आणि डावं झाकण सावकाश वर आलं. उजेड नाही, नुसता डोळा. थोडा वेळ तसंच राहिलं, मग मिटलं.

"वायरिंग जुनं झालंय," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मी स्वतः पाहिलं. बाराच्या सुमाराला. सगळीकडं ऊन नुसतं रणरणत होतं, कावळासुद्धा नाही. आधी मोटरचा बारीक घरघराट, माणूस घसा साफ करतो तसा. मग डोळा. नंतर आठवड्यातून दोनतीनदा व्हायला लागलं आणि वेळ तीच. बायकोनं कपड्यांची दोरी दुसऱ्या बाजूला नेली. म्हणाली, "डोळाबिळा मारत नाही ती. बघती."

मी गाडी वळवून तिचं नाक भिंतीकडं केलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, मुद्दाम खुर्ची टाकून बसलो. बाराला डोळा उघडला आणि एक वितीवरच्या भिंतीकडं बघत राहिला. भिंतीकडं तोंड करून एखादा माणूस मांडी घालून बसलाय असं वाटायला लागलं. मी खुर्ची उचलली आणि आत गेलो. ऊन फार होतं.

देगलूर नाक्यावर आमचे उस्ताद आहेत, गाड्यांचं वायरिंग करणारे. साठी उलटलेली, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची. त्यांनी बोनेट उघडलं, टेस्टर लावला, झाकण दाबून पाहिलं.

"मास्टरसाब, झाकन पूरा बैठता नै. नीचे वो काला रबर ऊंचा है. स्विच समझता के अब्बी बंद नै हुआ, तो मोटर कू फिर घुमाता. धूप में पत्रा फैल के और बी उठता. निकालो उसकू."

मला एकदम हलकं वाटलं. बायकोला मुद्दाम हाक मारून हे कारण ऐकवलं. मग उस्तादांना म्हणालो, "पण ते काढलं की खडखड वाजतं."

"वाजने दो ना. आवाज करने वाली चीज अच्छी. चुप बैठ के देखने वाली नै अच्छी."

त्यांनी बूच काढायला हात घातला आणि मागं घेतला. "इत्ता तपा हुआ बोनेट, ये ठंडा कायकू?"

रबर उष्णता वाहून नेत नाही म्हणून हाताला गार लागतं, असा दुर्वाहकाचा नियम मी त्यांना सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. उस्ताद चौथी पास आहेत. नियम ऐकून घेतात आणि हात खिशात ठेवतात. "तुमारी गाडी, तुमारी मर्जी," एवढंच म्हणाले. बूच तिथंच राहिलं.

उभ्या गाडीची बॅटरीची तार काढून ठेवायची ही माझी जुनी सवय. एका दुपारी दिवा उघडा दिसला म्हणून बोनेट उचललं, तर तार सुटीच होती. म्हणजे मी आदल्या दिवशी काढली होती. किंवा आत्ता हात लागून सुटली असेल. यावर मी जास्त विचार केला नाही. खरं सांगतो, ठरवून केला नाही.

सुट्टीचा एक सोमवार होता. गाडी घेऊन लातूरकडं निघालो होतो, गावाकडं जायचं म्हणून. चाकूरच्या अलीकडं लांबूनच तो लिंब दिसला. त्याच्याखाली धुळीचा एक छोटा लोट उठायचा, खाली बसायचा. परत उठायचा. जवळ गेल्यावर दिसलं, एक म्हातारी उकिडवी बसून माती चाळत होती. इरकली लुगडं मातीच्या रंगाचं झालेलं. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. अव्वा होत्या.

मी ब्रेक मारला. "अव्वा? तुम्ही इथं?"

"सोमवारी येते सर. एसटीनं. तुमचा फोन आला तवापासनं येते. तुमी म्हनलाव गाडीत न्हाई, मग हितंच आसनार की."

बाजूला चाळलेल्या मातीचा ढीग होता, बांधाएवढा. चहावाला टपऱ्यातून म्हणाला, "सर, तुमी तरी सांगा. पाऊस झाला, रस्त्याचं काम झालं, जेसीबी फिरला हितून. काय राहतंय?"

"तू गप," अव्वा म्हणाल्या. "तुज्या चहात आसंल तर तेबी चाळीन."

आता मी काय केलं ते लिहितो. मी त्यांना चांगलं चाळायला शिकवलं. म्हणालो, "अव्वा, असं कुठंही बसून होत नाही. एकच जागा दोनदा चाळली जाते आणि एक राहून जाते. पद्धत पाहिजे." काटकी घेतली, लिंबाच्या बुंध्यापासून रस्त्यापर्यंत हातभर मापाचे चौकोन आखले, कोपऱ्याला खडे ठेवले. घाम गाळून आखले. अव्वा कौतुकानं बघत होत्या. "शिकलेल्या मानसाचं येगळंच आस्तंय," असं चहावाल्याला म्हणाल्या.

तेवढ्यात मोटरचा बारीक आवाज आला. गाडी आमच्यापासून दहा पावलांवर होती, बंद, किल्ली माझ्या खिशात. डावं झाकण वर आलं. मी चौकोन आखत वाकलेला, अव्वा हातात चाळणी घेऊन, आणि तो डोळा आमच्या दोघांकडं.

"सर, गाडीनं डोळा उघडला."

"बिघाड आहे, अव्वा. स्विचचा."

"ह्यांच्या वक्ताला व्हता का ह्यो बिघाड?"

"नाही. आता लागलाय."

अव्वा बराच वेळ गाडीकडं बघत राहिल्या. मग पदर डोक्यावर घेतला आणि पहिल्या चौकोनात बसल्या.

त्याला चार महिने झाले असतील. अव्वांचा फोन आला. कपाट आवरताना मालकांनी जपून ठेवलेली मागच्या दिव्याची जादा काच सापडली होती, कोरी, पेपरात गुंडाळलेली. माझ्या गाडीची मागची काच तडकलेली होती आणि तसली दुसरी कुठं मिळत नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी निघालो. अव्वांसाठी नाही गेलो, काचेसाठी गेलो.

पोचलो तेव्हा बारा वाजत आलेले. गाडी त्यांच्या दारासमोर, नाक दाराकडं करून लावली. दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "बसा सर, पूजा उरकू द्या." मी सोप्यात बसलो. देवघराचा पडदा एका बाजूला सरकलेला होता. अव्वा पाठमोऱ्या न बसता कडेला तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी गळ्यातली डबी उघडली, काहीतरी काढून डाव्या तळहातावर घेतलं. त्याच्यावर पळीनं पाणी घातलं.

पाणी पडल्याबरोबर ते चमकलं. काळं. तळ सपाट. वर घुमटासारखं गोल.

पिंड नाही, शाळुंका नाही. मला तो आकार डोळ्यांपेक्षा अंगठ्याला जास्त ओळखीचा होता. मी तो अंगठ्यानं दाबून बसवला होता. त्याच्याभोवती ट्यूबची कड लावली होती. त्याच्यावर वर्षभर झाकण आपटलं होतं.

उठलो, बाहेर आलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, उन्हानं भिंती पांढऱ्या पडलेल्या. आणि गाडीचा डावा दिवा उघडा. मी लावताना मिटलेला होता. तो आता घराच्या उघड्या दाराकडं बघत होता, सरळ देवघरापर्यंत.

मी बोनेट उचललं. पत्र्याला हात भाजला. वाटीत बोटं घातली आणि ते काढलं. ते गार होतं. रुमाल ओला करून पुसलं तसं ग्रीस निघालं आणि आतून तोच काळा रंग वर आला. मी गाडीपासून दारापर्यंत सातआठ पावलं चाललो असेन. तेवढ्यात चार खोट्या गोष्टी तयार झाल्या. गालिच्याखाली सापडलं. सीटच्या गादीत होतं. आत्ताच, इथंच, दारात घरंगळत आलं. शिकलेल्या माणसाला खोटं लवकर जुळवता येतं.

अव्वा पूजेवरून उठल्या होत्या. मी हात पुढं केला. "अव्वा, सापडलं."

त्यांनी हात लावला नाही. आधी पाहिलं. मग आत जाऊन हात धुतले, पदर पुढं पसरला आणि त्यात घेतलं. कडेला एक बारीक टवका उडालेला होता, तिथं बोट फिरवलं. त्या टवक्याची त्यांना ओळख असावी. डोळ्यांतून पाणी आलं नाही. श्वास मात्र असा सोडला की मला वाटलं आता बसतील खाली.

"कुटं व्हतं?"

"गाडीत."

"तुमी म्हनलाव न्हाई."

"मी चुकलो. पहिल्याच दिवशी हाताला लागलं होतं. मला ओळखू आलं नाही. रबराचं बूच समजून डाव्या दिव्याखाली बसवलं."

"दिव्याखाली."

"हो."

"म्हंजे लिंबाखाली चौकोन आखलास तवा बी तिथंच व्हतं?" आयुष्यात पहिल्यांदा त्या मला अरे-तुरे बोलल्या.

"तिथंच होतं."

"आन दिवा उघडला व्हता."

मी मान हलवली.

"ते सांगत व्हते रं. मला दिसलं बी. तू म्हनलास बिघाड हाय." त्यांनी लिंगावर पदर गुंडाळला. "शिकलेला मानूस म्हनला म्हून मी खाली बघून माती चाळत बसले."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, "चल. काढ गाडी. उद्यावर नगं."

स्वाम्यांना फोन केला, ते रिक्षानं पुढं गेले. अव्वा माझ्या शेजारी बसल्या, लिंग मांडीवर. मुरुडच्या रस्त्याला त्यांचं शेत. मी लहानपणी ज्या रस्त्याकडेला उभा राहायचो त्याच रस्त्यानं ती गाडी मी चालवत होतो, आणि आमच्या शाळेची भिंत कधी मागं गेली ते मला कळलंसुद्धा नाही.

बांधाला दगडी ओटा. शेजारी तेवढीच जागा मोकळी ठेवलेली, खुणेचे चार दगड लावून. ती अव्वांची. स्वामी म्हणाले, समाधी उघडायची नाही, डाव्या अंगाला हातभर खोदा आणि तिथं ठेवा. मी पहारीनं खोदलं. आजूबाजूला सोयाबीन वाऱ्यानं हलत होतं आणि त्याचा आवाज येत नव्हता.

स्वाम्यांनी भस्म लावून लिंग अव्वांकडं दिलं. अव्वा सरळ जमिनीवर पालथ्या झाल्या आणि खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घातला. गाल मातीला टेकलेला. अशा पडून राहिल्या. मला वाटलं दहा मिनिटं झाली, दोन झाली असतील. स्वामी मंत्र म्हणत होते, ते म्हणायचे थांबले तरी त्या उठल्या नाहीत. मग हात हळूहळू बाहेर काढला, पंजा पसरलेला, रिकामा.

"ठेवलं का अव्वा नीट?" स्वाम्यांनी विचारलं.

"ठेवाय लागलं न्हाई," त्या म्हणाल्या. "घेतलं त्यांनी."

स्वाम्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी स्वाम्यांकडं. खड्डा हातभरच होता. मीच खोदला होता. तळाला काय दिसतंय ते पाहायला मी वाकलो नाही. माती लोटली आणि पायानं नाही, हातानं दाबली.

अव्वांना घरी सोडलं. त्यांनी काच आणून दिली, पेपरात गुंडाळलेली. मी नको म्हणालो.

"घे. गाडी त्यांची लाडकी व्हती. अर्धी फुटकी नगं हिंडवू." मग दारातून म्हणाल्या, "वाटंत लिंबाला चाळणी टांगलेली हाय. ती चहावाल्याला दे. राख चाळाय व्हईल त्याला."

मी थांबलो. चाळणी फांदीला होती, वाऱ्यानं हळूहळू फिरत. खाली माझे चौकोन तसेच, कोपऱ्यांचे खडे तसेच. निम्म्याच्या पुढं चाळून झाले होते, एकही सोडलेला नव्हता. चाळणी टपऱ्यात दिली.

"सापडलं म्हना की," चहावाला म्हणाला. "कुटं व्हतं?"

"इथंच उभं होतं," मी म्हणालो, आणि चहा न घेता निघालो.

अहमदपूरच्या पुढं रस्ता खराब आहे. वाटीत आता काही नव्हतं. मी नवीन बूच बसवलं नव्हतं, कापडसुद्धा कोंबलं नव्हतं. पहिल्या खड्ड्याला खडखड सुरू होणार म्हणून कान देऊन बसलो. पहिला खड्डा गेला. दुसरा गेला. लोह्यापर्यंत मी मुद्दाम खड्ड्यांतून गाडी घातली. झाकण वाजलं नाही.

ते आजतागायत वाजलेलं नाही. दिवाही परत आपोआप उघडला नाही. बायकोनं दोरी जुन्या जागेवर आणली. मागची काच मी बसवली, छान बसली. उस्तादांनी कुठल्याशा भंगारातून अगदी मापाचं रबरी बूच आणून दिलंय, ते बिस्किटाच्या डब्यात आहे. ते येतात, बोनेट उघडतात, रिकाम्या वाटीकडं बघतात, झाकण हातानं हलवून बघतात. पत्रा पत्र्याला लागला पाहिजे. लागतो. आवाज येत नाही.

"मास्टरसाब, इसका नियम क्या है?" परवा त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, माहीत नाही. जन्मात पहिल्यांदा हे शब्द दुसऱ्या माणसापुढं बोललो असेन. उस्तादांनी मान डोलावली आणि बोनेट हळूच लावलं.